तीनशे बारा पानं आणि एक क्लिक

कंप्युटर मी बिघडवला नाही. मी तो सुधारायला गेलो होतो. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या घरात, जिन्यात आणि कचेरीत मिळून एकाही माणसाला तो कळला नाही, हे माझं दुःख आहे.

त्या रविवारी सकाळी ही बहिणीकडे गेली होती. आत्या आतल्या खोलीत पेपर वाचत होती. मी हवामान बघायला कंप्युटरसमोर बसलो होतो. हवामान खिडकीतूनही दिसतं, मान्य आहे. पण खिडकी उद्याचं सांगत नाही. आमचा कंप्युटर मुळात वयस्कर. सुरू केला की आधी घसा खाकरतो, मग विचारात पडतो, मग आपण काय विचारलं होतं तेच विसरतो. मी वाट बघत असताना पडद्यावर एक लाल चौकट आली. ‘तुमच्या कंप्युटरमध्ये १३४६ दोष सापडले आहेत.’

सव्वीस वर्षांच्या संसारात हिने माझ्यातसुद्धा एवढे दोष काढलेले नाहीत, आणि ती बारकाईने बघते. चौकटीखाली एक हिरवं बटण होतं. ‘सर्व दोष मोफत दूर करा.’ माणसाने आयुष्यात असं वाक्य एकदा तरी वाचावं. मी दाबलं. मग त्याने काहीतरी इंग्रजीत विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ‘हो’ म्हटलं. एकूण सहा वेळा ‘हो’ म्हटलं. लग्नातसुद्धा मी इतकी तयारी दाखवली नव्हती.

पाच मिनिटांत कंप्युटर वेगवान झाला. म्हणजे जाहिराती वेगाने यायला लागल्या. वजन कमी करा, वजन वाढवा, केस उगवा, केस काढा. त्या मिटवता मिटवता माझं लक्ष गेलं ते ‘आत्या’ नावाच्या फोल्डरकडे. त्याच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण आला होता. उघडलं तर काहीच उघडेना. माउसच्या उजव्या बटणाने माहिती काढली. आकार: एक केबी.

मी तो आकडा तीनदा वाचला. का, ते सांगतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय एकोणऐंशी. सरकारी इस्पितळाच्या प्रसूती विभागात छत्तीस वर्षं परिचारिका. लग्न केलं नाही. ‘इतकी बाळंतपणं बघितल्यावर कोण करेल?’ असं ती सांगते. गेली दोन वर्षं रोज दुपारी तीन ते पाच ती आमच्या कंप्युटरवर एका बोटाने आपल्या आठवणी टाइप करत होती. तीनशे बारा पानं झाली होती. परिचारिका प्रशिक्षण केंद्र त्या आठवणींचं पुस्तक काढणार होतं. छापखान्याला फाइल द्यायची होती येत्या शनिवारी. आणि ती तीनशे बारा पानं आता एका केबीत मावत होती.

मी घाबरलो, पण डोकं शाबूत ठेवलं. आत्याने पुस्तकाची दुसरी प्रत एका पेनड्राइव्हवर ठेवली होती. तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्याशेजारच्या डबीत असतो. डबी उघडली, पेनड्राइव्ह काढला आणि ती प्रत तरी सुखरूप आहे ना, हे बघायला त्याच कंप्युटरला लावला. लावल्याबरोबर माझ्या डोळ्यांदेखत तिथल्या फोल्डरलाही बाण फुटला.

यावर अनेकांनी नंतर मला एकच प्रश्न विचारला, वेगवेगळ्या आवाजांत. ‘त्याच कंप्युटरला का लावलास?’

बरोब्बर तीन वाजता आत्या चष्मा पुसत आली.

“आज कंप्युटर बंद ठेवायचा असतो,” मी म्हणालो. “रविवारी.”

“कोणी सांगितलं?”

“कंपनीने.”

आत्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षं ‘काही होत नाही हो सिस्टर’ म्हणणाऱ्या बायकांकडे तिने असंच बघितलं असणार. मग ती परत गेली.

आमच्या इमारतीत दोन जाणकार आहेत. खालच्या मजल्यावर दंतवैद्य, वरच्या मजल्यावर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मी दंतवैद्यांकडे जाऊन अगदी हळू आवाजात विचारलं. त्यांचा दवाखाना बंद होता, त्यामुळे समोर तोंड उघडून बसलेलं कुणी नव्हतं आणि बोलायला ते मोकळे होते.

“तुम्ही विंडोज वापरता ना? मग होणारच,” ते म्हणाले. “निम्म्याहून जास्त जग तेच वापरतं, म्हणून चोर तिथेच जातात. माझ्याकडे मॅक आहे. सहा वर्षं झाली, शिंकसुद्धा आली नाही. तुमचं म्हणजे किडलेली दाढ. काढून टाका. सगळं फॉरमॅट करा.”

“फॉरमॅट म्हणजे?”

“म्हणजे सगळं पुसायचं आणि नवीन घालायचं.”

“पण त्यात आत्याचं पुस्तक आहे.”

“दाढ काढताना थोडं दुखणारच.”

तेवढ्यात जिन्यातून प्राध्यापक उतरले. आमच्या जिन्यात हळू बोललेलं वरच्या मजल्यावर जास्त स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी दंतवैद्यांकडे कीव आल्यासारखं बघितलं.

“मॅक सुरक्षित? अहो, चोर तुमच्याकडेही येतो, फक्त तो जरा चांगले कपडे घालून येतो. सुरक्षित म्हणाल तर लिनक्स. तिथे प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते. सगळं उघड, सगळं तपासलेलं. शिवाय फुकट.”

“फुकट आहे म्हणून तर कोणी वापरत नाही,” दंतवैद्य म्हणाले.

“आणि महाग आहे म्हणून तुम्ही कौतुक करता!”

यानंतर दोघे पाऊण तास भांडले. एकाने कुलपाची उपमा दिली, दुसऱ्याने किल्ल्याची. एकाने दुसऱ्याच्या शिक्षणाचा उल्लेख केला. मी मधल्या पायरीवर उभा होतो. भांडणातून मला एवढंच कळलं की माझी चूक काय झाली यावर दोघांचं एकमत आहे, पण उपाय काय यावर नाही. शेवटी प्राध्यापकांनी सोमवारी संध्याकाळी लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन येण्याचं कबूल केलं.

मी सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण माणसाला आशा असते. मी पाणीपुरवठा कार्यालयात मीटर विभागाचा हेडक्लार्क आहे. आमच्या कचेरीतला कंप्युटर घरच्यापेक्षा नवा आहे. म्हटलं, हा पेनड्राइव्ह तिथे तरी उघडेल. लावला. उघडला नाही. मग शेजारच्या टेबलावर लावला, मग खिडकीजवळच्या टेबलावर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्या विभागातल्या अकराही कंप्युटरांना बाण फुटले होते, कारण आमच्याकडे सगळे एकमेकांचे पेनड्राइव्ह डब्यातल्या भाजीसारखे वाटून घेतात.

संगणक विभागातल्या मॅडम खाली आल्या. त्या कमी बोलतात आणि कधी घाईत नसतात, त्यामुळे कचेरीत सगळे त्यांना घाबरतात.

“हा लाल पेनड्राइव्ह कुणाचा?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही क्षणभर माझ्या मागे बघितलं, पण मागे भिंत होती.

मॅडमनी सगळे कंप्युटर बंद करवले आणि मला सांगितलं की अशा प्रसंगी कर्मचाऱ्याने ‘संगणक बाधा’ प्रपत्र भरायचं असतं. मी म्हटलं, द्या. ते प्रपत्र फक्त कंप्युटरवर होतं. मी म्हटलं, छापून द्या. छापायचं तर कंप्युटर सुरू करावा लागेल, आणि बाधित कंप्युटर सुरू करायला प्रपत्र भरलेलं असावं लागतं. मॅडमनी यावर थोडा वेळ विचार केला आणि मला एक कोरा कागद दिला. “खुलासा लिहून आणा. काय केलं, केव्हा केलं. उद्या साहेबांसमोर.”

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कुणी खुलासा मागितला नव्हता. मी दुसऱ्यांकडून मागवलेत. पुष्कळ मागवलेत. त्या कोऱ्या कागदाची घडी खिशात घालून मी घरी निघालो तेव्हा शिपायाने मला रोजच्यासारखा नमस्कार केला; पण त्यात सांत्वन होतं.

घरी प्राध्यापक आधीच कंप्युटरसमोर बसले होते. ही त्यांना चहा देत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. दंतवैद्यही आले होते. दुसऱ्याचं ऑपरेशन बघायला डॉक्टर मंडळींना आवडतं. फक्त आत्याला अजून माहीत नव्हतं, आणि नेमकी तीच दारात येऊन उभी राहिली.

“कुणाला काय झालंय?” तिने विचारलं.

मग मीच बोललो. सगळं सांगितलं. हिरवं बटण, सहा वेळा हो, देव्हाऱ्याशेजारची डबी. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. आत्या खुर्चीवर बसली. पदराचं टोक तिने दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग ती उठली आणि एकदम ड्यूटीवर आल्यासारखं बोलायला लागली.

“लक्षणं कधीपासून?”

“काल सकाळी दहापासून.”

“त्यानंतर कोणकोण संपर्कात आलं?”

“पेनड्राइव्ह. आणि, म्हणजे, माझी कचेरी.”

“सगळी?”

“सगळी.”

“इंटरनेटची वायर काढ. तो लाल पेनड्राइव्ह इकडे दे.” तिने औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी काढली, पेनड्राइव्हला गुंडाळली आणि त्यावर पेनने लिहिलं: ‘बाधित’. “आता मी सांगेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. प्रोफेसर, तुम्ही काय करणार आहात ते आधी सांगा. मग करा.”

प्राध्यापकांना व्याख्यान द्यायची सवय. पण समोर बसून प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी त्यांना नवी होती. त्यांनी समजावलं की कंप्युटर नेहमीच्या जागेवरून न उठवता आपण तो त्यांच्या पेनड्राइव्हवरून उठवायचा. म्हणजे आतली बाधा झोपलेलीच राहील आणि आपल्याला घरात शिरून बघता येईल. आत्याने मान हलवली. पडदा काळा झाला, मग उजळला, आणि त्यावर दोन चौकटी आल्या.

प्राध्यापकांचा चहा सांडू नये म्हणून माउस मी धरला होता. “दाबा,” ते म्हणाले. मी दुसऱ्या चौकटीवर नेला.

“थांब!” आत्या म्हणाली.

तिने चष्मा लावला, वर भिंग धरलं आणि पडद्याला नाक लावून एकेक शब्द मोठ्याने वाचला. इंग्रजी तिचं इस्पितळातलं, पण पक्कं. “पहिली चौकट: न बसवता वापरून बघा. दुसरी चौकट: बसवा. आणि खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय? डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.” ती माझ्याकडे वळली. “तू कुठली दाबत होतास?”

दंतवैद्यांनी घसा साफ केला. प्राध्यापक म्हणाले, “मी पहिलीच म्हणालो होतो.” ते म्हणाले नव्हते, पण त्या क्षणी माझी साक्ष कोण घेणार?

“आमच्याकडे पेशंटची सही घेतल्याशिवाय टाकासुद्धा घालत नव्हते,” आत्या म्हणाली. “तुम्ही लोक सही आधी करता आणि वाचत तर कधीच नाही.”

पहिली चौकट दाबली. लिनक्स उघडलं. प्राध्यापकांनी आमची डिस्क शोधली, तिच्यात शिरले, आणि तिथे बाणवाल्या फोल्डरच्या शेजारीच आणखी एक ‘आत्या’ होती. बिनबाणाची.

“ही बघा!” प्राध्यापक खुर्चीतून अर्धे उठले. “गेलं काहीच नव्हतं. या व्हायरसने फोल्डर फक्त लपवलं आणि त्याच्या जागी तोतया बसवला. विंडोजला लपवलेलं दिसत नाही, कारण दाखवू नकोस असं त्याला सांगितलंय. लिनक्स तो हुकूम मानत नाही.”

फाइल उघडली. तीनशे बारा पानं. आत्याने नवाकोरा पेनड्राइव्ह मागवला, त्यावर प्रत काढली आणि प्रत नीट उघडते का हेही बघायला लावलं. मग हिला म्हणाली, “कुठलंही पान वाच. मधलं एखादं.”

हिने एकशे एक्केचाळीसावं पान काढलं आणि वाचायला लागली. त्या वर्षी नवजात बाळांच्या खोलीत साथ आली होती. अकरा बाळं तापली. कुठून आली ते कुणाला कळेना. आत्याने लिहिलं होतं: ‘तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की एका रात्री घाईत मी हात न धुता चार पाळण्यांना हात लावला होता. कुणी बघितलं नव्हतं. मी मेट्रनच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्या रागावल्या, पण त्यामुळे कुठल्या पाळण्यापासून सुरुवात झाली ते कळलं. अकराही बाळं वाचली. मी चुकले हे सांगितलं नसतं, तर किती वाचली असती मला माहीत नाही.’

हिने ते पान तसंच उघडं ठेवलं. दंतवैद्य चष्मा काढून पुसत होते. मला खिशातला तो कोरा कागद आठवला.

वातावरण हलकं करायला प्राध्यापक म्हणाले, “म्हणून म्हणतो आत्याबाई, यापुढे लिनक्सच घ्या. तिथे असलं काही घुसवायचं तर आधी पासवर्ड मागतं.”

“हो का? आणि तो पासवर्ड कुणाकडे असणार?”

“मालकाकडे. म्हणजे यांच्याकडे.”

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “मग हा देईल की.”

यावर तिन्ही पक्षांच्या सुरक्षेचा वाद कायमचा मिटला. तेवढ्यात दंतवैद्यांचा फोन वाजला. दवाखान्यातल्या बाई सांगत होत्या की डॉक्टरांच्या मॅकवर सकाळपासून बक्षीस लागल्याच्या सूचना येतायत, काय करू? “काही दाबू नका,” दंतवैद्य म्हणाले. मग आमच्याकडे पाठ करून हळूच, “काल मीच कशाला तरी ‘परवानगी द्या’ म्हटलं होतं.” प्राध्यापकांनी त्या वेळी जो चेहरा केला, तो चांगल्या शेजाऱ्याने करू नये.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर खुलासा ठेवला. दीड पान. सगळं लिहिलं होतं, आकड्यांसकट. ‘अनवधानाने’ हा शब्द मी तीनदा घातला होता, तो आत्याने तीनदा खोडला. साहेब वाचत असताना मॅडम शेजारी उभ्या होत्या. हिरव्या बटणापाशी साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग ते गंभीर झाले.

“म्हणजे अख्ख्या कचेरीला बाधा तुम्ही आणलीत.”

“हो साहेब.”

“नाही साहेब,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

“यांच्या हिरव्या बटणाने फक्त जाहिराती आल्या. बाणवाला व्हायरस वेगळा, तो पेनड्राइव्हवरून पसरतो. मी तारखा काढल्या. एका कंप्युटरवर तो यांच्या पेनड्राइव्हच्या नऊ दिवस आधीपासून आहे.” मॅडम माझ्याकडे वळल्या. “गेल्या आठवड्यात तुम्ही कचेरीतून काही घरी नेलं होतं का?”

नेलं होतं. शनिवारी रात्री घरच्या कंप्युटरवर बघायला, साहेबांचं भाषण. पाणी बचतीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ते लिहिलं होतं आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायला मला दिलं होतं. पेनड्राइव्हवर. मी खुलाशाचं दुसरं पान उगाच सरळ केलं. ज्या माणसाच्या हातात आपला गोपनीय अहवाल असतो, त्याला तुझे हात धुतलेले नव्हते, हे कसं सांगायचं?

पण साहेब हिशेबात पक्के. नऊ दिवस म्हटल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडमनी हाताने आखून आणलेल्या प्रपत्रावर ‘बाधेचा उगम’ असा रकाना होता. मॅडमनी तो अजून रिकामा ठेवला होता. पेन साहेबांच्या हातात होतं. बाहेर टेबलांवर बंद कंप्युटरांसमोर माणसं हाताने नोंदी करत होती, त्यांच्या कागदांची सळसळ ऐकू येत होती.

मला वाटलं, आता ‘अज्ञात’ लिहितील. मी असतो तर तेच लिहिलं असतं.

साहेबांनी माझा खुलासा पुन्हा एकदा उचलला आणि शेवटची ओळ वाचली. ती ओळ आत्याने सांगितलेली होती: ‘चूक कुठे झाली हे कळल्यास पुढच्यांना सोपे जाईल, म्हणून लिहिले.’ मग त्यांनी त्या रकान्यात स्वतःचा हुद्दा लिहिला. अक्षर जरा तिरकं आलं. प्रपत्र मॅडमकडे सरकवत ते म्हणाले, “माझ्या मेहुण्याने लग्नाचे फोटो दिले होते हो पेनड्राइव्हवर. तीनशे फोटो. एकाही फोटोत मी धड दिसत नाही.”

मॅडम हसल्या. त्या हसतात, हे आमच्या कचेरीला त्या दिवशी कळलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी अकराही कंप्युटर स्वच्छ केले. आमचा घरचा कंप्युटरही प्राध्यापकांनी स्वच्छ करून दिला, आणि त्याबद्दल मला लिनक्सवर एक तास ऐकावं लागलं. ते मी ऐकलं.

शनिवारी आत्याला घेऊन छापखान्यात गेलो. पेनड्राइव्ह तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. छापखान्याच्या मालकाने हात पुढे केला तेव्हा तिने तो लगेच दिला नाही.

“याच्याआधी तुमच्या मशीनला कुणाकुणाचा लावला होता?”

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी वर पंख्याकडे बघितलं. त्यांनी मशीन तपासून दाखवल्यावरच आत्याने पेनड्राइव्ह सोडला. तीनशे बाराच्या तीनशे बारा पानं उतरली. परत येताना ती रिक्षात पाय हलवत होती. खूश असली की ती हलवते.

“आत्या,” मी म्हणालो, “प्रशिक्षण केंद्राच्या बाई म्हणत होत्या, दुसरा भागही हवाय म्हणून. लिहिणार आहेस ना? कशावर लिहिणार आहेस?”

मला वाटलं ती म्हणेल, निवृत्तीनंतरच्या दिवसांवर, किंवा बरोबरच्या परिचारिकांवर.

“वहीवर,” आत्या म्हणाली.